खालचं गेलंय

“खालचं गेलंय,” मेस्त्री म्हणाला आणि चहाचा कप तोंडाला लावला. झालं. निकाल लागला.

२०२३ च्या जुलैतली गोष्ट. पाऊस रिपरिपत होता. मी तिसरी पाळी करून सूतगिरणीतनं सरळ गॅरेजवर आलेलो. केसांत कापसाचं तूस, डोळ्यांत झोप. दादा गाडीला पाठ लावून उभा. दादा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. गाडी म्हणजे ओम्नी, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, गॅसवर चालणारी. २०१९ साली ह्या गाडीचं उत्पादनच थांबलं, पण आमच्या वाड्यात तिच्यावर अजून सहा माणसं जेवतात. इचलकरंजीच्या भोवतालच्या वस्त्यांतनं कांडी मशिनीवर जाणाऱ्या बायका दादा पहाटे उचलतो आणि दिवस मावळला की परत सोडतो. गाडी उभी राहिली की दादाचा हप्ता थांबतो, आणि त्या बायकांचा खाडा पडतो तो वेगळाच.

मेस्त्रीनं महिन्यापूर्वीच हेड उतरवलं होतं. तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता. नवीन व्हॉल्व्ह, सीट कटिंग, हेड फेसिंग, नवं गॅसकेट, नवा टायमिंग बेल्ट. बिल ११,४०० रुपये. गाडी हातात देताना मेस्त्रीनं बॉनेटवर थाप मारली नाही, कारण ह्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यानं सीटवर थाप मारली आणि म्हणाला, “बग, टॅपेटचा आवाजसुदीक न्हाई. शिवणाच्या मशिनीगत चालतीया.”

आवाज खरोखरच नव्हता. पण ओढही नव्हती. सकाळी थंड गाडी उठेना. उठली तर तापानं फणफणलेल्या माणसासारखी थरथरायची. आठ बायका बसल्या की चढावर पहिल्या गेरला यायची. बायका म्हणायच्या, “दादा, उतरून ढकलू का?” चेष्टेनं म्हणायच्या, पण दादाला लागायचं.

मेस्त्रीनं प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला. त्याचे पैसे घेतले. आणि आता म्हणत होता, खालचं गेलंय. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, ब्लॉक उतरवायचा, बोअर मारायचं. २२,००० रुपये.

“वरचं टाइट केलं की खालचं उघडं पडतं,” तो म्हणाला. “माझं काम चोख हाय. तुमचं खालचंच मूळचं खराब, त्याला मी काय करू?”

दादा गप्प. मी म्हणालो, “मेस्त्री, कॉम्प्रेशन तपासलं का?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. आधी पायाकडे, मग तोंडाकडे. “गिरणीत झाडू मारून तुला लई कळायला लागलं व्हय रं?”

मी झाडू मारत नाही. मी मेंटेनन्समध्ये हेल्पर आहे. पण ते मी त्याला सांगितलं नाही. झाडू मारत असतो तरी प्रश्न तोच राहिला असता : कॉम्प्रेशन तपासलं का?

वाचणाऱ्याला वाटेल, कवितेच्या पानांवर हे इंजिनाचं कशाला? दोस्ता, थांब जरा. मी कविता लिहितो ती पाळीत लिहितो, वहीच्या मागच्या पानावर, जिथं पुढच्या पानावर कॉम्प्रेसरचं रीडिंग असतं. मला ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

कॉम्प्रेशन म्हणजे काय ते आधी सांगतो. सायकलच्या पंपाच्या तोंडाला अंगठा लावून दांडा दाबून बघ. आतली हवा कोंडते आणि अंगठा ढकलते. इंजिनाचं तेच. पिस्टन वर येतो, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आत घेतलेली हवा आणि गॅस कोंडला जातो, मग ठिणगी पडते. हवा नीट कोंडली तरच भडका जोरात. कुठून तरी निसटली की ठिणगी फुकट. निसटायच्या वाटा मोजक्या. रिंगांजवळून खाली, इनलेट व्हॉल्व्हमधून हवा घ्यायच्या तोंडाकडे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे, गॅसकेट फाटलं तर शेजारच्या सिलिंडरात नाहीतर रेडिएटरच्या पाण्यात. एवढंच. पाचवी वाट बहुधा नसते. मग ‘खालचं गेलंय’ हे नुसतं बघून कसं सांगतो माणूस?

मेस्त्री खोटंच बोलत होता असं मी म्हणत नाही. जुन्या इंजिनाचं हेड नवं केल्यावर खालच्या रिंगांची झीज जास्त जाणवते, हे खरं आहे. पण रिंगा गेल्या की निळा धूर येतो, ऑइल कमी होत जातं, ऑइलचं झाकण उघडलं की तिथनं भसाभसा वाफ मारते. दादाच्या गाडीत ह्यातलं काहीच नव्हतं. डिपस्टिकवर ऑइल महिन्यापूर्वी होतं तिथंच. म्हणजे मेस्त्रीचं म्हणणं खरं असू शकत होतं, पण तो ते सिद्ध करत नव्हता. त्याला सिद्ध करायची गरजच वाटत नव्हती. ‘खालचं खराब’ म्हटलं की सगळ्यांना पटतं.

आम्ही गाडी ढकलत घरी आणली.

दादा म्हणाला, “बारक्या, तू कशाला तोंड घातलंस? आता त्यो गाडीला हातबी लावायचा न्हाई.”

वहिनी म्हणाली, “न्हाई लावला तर बरंच की. हात लावायचंच पैसं घेतोय त्यो.”

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन कॉम्प्रेशन गेज विकत आणलं. पगार झालेला होता म्हणून जमलं. एक घड्याळ, एक रबरी नळी, पुढं प्लगच्या आट्याचं तोंड. प्लग काढून त्या जागी नळी आवळायची, स्टार्टर मारायचा, काटा चढतो तिथं अडकून राहतो. चौरस इंचाला इतके पौंड. चांगल्या पेट्रोल इंजिनाला साधारण दीडशेच्या वर पाहिजे. आणि तिन्ही सिलिंडरांत फार फरक नको. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पाऊण हिश्शापेक्षा खाली गेला की काहीतरी बिनसलंय.

पहिल्या खेपेला मीच चुकलो. एकच प्लग काढला, बाकीचे तसेच ठेवले. ॲक्सिलरेटर दाबला नाही. स्टार्टर रडत रडत फिरला. आकडे आले ७०, ७५, ४५. माझे हातपाय गळाले. म्हटलं, मेस्त्री बरोबर होता. खालचं गेलंय. ती रात्र मी पाळीत कशी काढली मला ठाऊक.

आमच्या कॉम्प्रेसर रूममध्ये एक म्हातारे फिटर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी माझं तोंड बघून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, “ॲक्सिलरेटर दाबला होतास?”

“न्हाई.”

“मग आत हवाच घेऊ दिली न्हाईस तर ती दाबणार काय, लेका?”

एवढंच बोलले. मला रडू आलं आणि हसू पण आलं. आत हवाच घेऊ द्यायची नाही, आणि मग म्हणायचं ह्याच्यात दम नाही. मी स्वतःच्या हातानं तेच केलं होतं.

मग नीट केलं. तुलाही कधी करायचं असेल तर हे लक्षात ठेव. इंजिन चालवून गरम करून घ्यायचं. गॅसची टाकी बंद करायची, उघड्यावर काम करायचं. ठिणगीची आणि पेट्रोलच्या इंजेक्टरची वायर काढून ठेवायची. तिन्ही प्लग काढायचे. बॅटरी दमदार पाहिजे, आम्ही शेजारच्या टेम्पोची जोडली. एकानं ॲक्सिलरेटर पुरता दाबून धरायचा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके सारखेच द्यायचे. वहिनी सीटवर बसून पाय दाबून होती, दादा चावी फिरवत होता, मी गेज धरून.

एक नंबर १०५. दोन नंबर ११०. तीन नंबर ७०.

कमी होते. तिन्ही कमी. पण आता ते खरे होते. मी वहीत लिहून घेतले.

नंतर ओली तपासणी. प्रत्येक सिलिंडरात प्लगच्या भोकातून इंजिन ऑइलचा एक लहान चमचा ओतायचा आणि पुन्हा मोजायचं. रिंगा झिजल्या असतील तर ते ऑइल रिंगांच्या फटी भरतं आणि आकडा एकदम तीस-चाळीसनं उसळतो. व्हॉल्व्ह वर असतो, तिथं ऑइलचा काही उपयोग होत नाही, आकडा जवळपास तिथंच राहतो. ऑइल जास्त ओतायचं नाही, नाहीतर ते जागा खातं आणि आकडा खोटाच वाढतो.

एक नंबर ११०. दोन नंबर ११५. तीन नंबर ७५.

पाच पौंड. नुसते पाच पौंड.

मी दादाला म्हटलं, “दादा, खालचं गेलेलं न्हाई.”

दादानं वही हातात घेतली. आकडे दोन-तीनदा वाचले. सातवीत शाळा सुटलेला माणूस तो, पण आकडे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळतात, रोज डिझेल-गॅसचा हिशोब करणारा. म्हणाला, “मग वरचं?”

“वरचं.”

इथं मला जरा बाजूला जाऊन एक सांगायचं आहे. माझा आजा मुंबईला गिरणीत होता, रिंग खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कधी संपला असं त्याला कुणी सांगितलंच नाही, तो गावाकडे परत आला. तो सांगायचा, त्याचा बाप पण गिरणीतच होता, पण साचेखात्यात नव्हता. त्या काळी साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आपल्या लोकांना घेत नसत. तिथं पगार जास्त. पण कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यावं लागे. तो धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून बाकीच्या कामगारांना आमचं तोंड चालत नव्हतं. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. मी नंतर ते वाचलं तेव्हा मला आज्याचं बोलणं समजलं. साच्याला हात लावू द्यायचा नाही, आणि मग म्हणायचं, ह्यांना साचा चालवता येत नाही. ह्यांच्यात ते मुळातच नाही.

आज माझ्या गिरणीत ऑटोकोनरवर तुटलेला धागा हवेच्या झोतानं जोडतात. तोंड लागत नाही, गाठ पण लागत नाही. ती हवा जिथून येते तिथं मी काम करतो. आणि माझं निम्मं काम म्हणजे हवा कुठून निसटते ते शोधणं. कान लावायचा, साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की तिथं खूण करायची. मेस्त्री म्हणाला होता, गिरणीत राहून तुला काय कळणार. मला नेमकं हेच कळत होतं.

आता तिन्ही सिलिंडर कमी आहेत म्हटल्यावर पहिला संशय टायमिंग बेल्टचा. बेल्ट एक दात इकडंतिकडं बसला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडझाप करतात आणि तिन्ही आकडे पडतात. आम्ही बेल्टचं कव्हर सोडलं, पान्यानं इंजिन फिरवून खुणा जुळवल्या. वरची खूण वर, खालची खूण खाली. बेल्ट बरोबर होता. मेस्त्रीनं ते काम चोख केलं होतं. तेही वहीत लिहिलं. त्याचं जे बरोबर ते बरोबर.

मग हवा भरून ऐकायचं ठरवलं. एका जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, वेल्डिंगवाल्या दोस्ताकडून त्याला हवेच्या नळीचं तोंड जोडून घेतलं. गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानात नेली. तिथला कॉम्प्रेसर घेतला, दाब साठ पौंडाच्या आसपास ठेवला. पिस्टन वर आणायचा तो असा : गाडी टॉप गेरला टाकून हळूहळू ढकलायची, प्लगच्या भोकावर बोट ठेवायचं, हवा बोटाला ढकलू लागली की सरबताची नळी आत घालून पिस्टन वर आला का ते बघायचं. पिस्टन वर आला की गेर तसाच ठेवून ब्रेक दाबून धरायचा, नाहीतर हवेनं पिस्टन खाली जातो आणि इंजिन फिरतं.

तीन नंबरला हवा सोडली.

मी ऑइलच्या झाकणाला कान लावला. बारीक सुसकारा. तेवढा तर नव्या इंजिनातही असतो, रिंगांच्या तोंडाला फट असतेच. रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं, पाणी शांत, बुडबुडा नाही. शेजारच्या दोन नंबरच्या भोकावर हात ठेवला, काही नाही. म्हणजे गॅसकेट ठीक. हवा घ्यायच्या तोंडाला कान लावला, तिथं फुसफूस. मग गाडीच्या मागं जाऊन ओल्या रस्त्यावर आडवा झालो आणि सायलेन्सरला कान लावला.

साप. नुसता साप फुत्कारत होता.

दादाला बोलावलं. तोही आडवा झाला. पंक्चरवाला आला, त्याचा पोऱ्या आला. सगळ्यांनी रस्त्यावर पडून सायलेन्सरला कान लावला. येणारेजाणारे बघत होते. दादा उठला, शर्टाचा चिखल झाडला आणि म्हणाला, “ही ऐकाया २२,००० लागत न्हाईत.”

टॅपेट कव्हर उघडलं. दादाच्या इंजिनाला सहा व्हॉल्व्ह, प्रत्येक सिलिंडरला दोन. त्यांना दाबणारे रॉकर वर असतात. पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, अशा वेळी रॉकर बोटानं किंचित खुळखुळला पाहिजे. रॉकरच्या स्क्रूत आणि व्हॉल्व्हच्या शेंड्यात बारीक फट पाहिजे. थंड इंजिनाला साधारण ०.१५ मिलिमीटर. फिलर गेजची पाती त्यातनं ओढली की लोण्यातनं सुरी ओढल्यासारखी किंचित अडकत गेली पाहिजे. रॉकर धरून हलवला. हलेना. सगळ्यात पातळ पाती घातली. जाईना. गॅप नव्हताच.

गॅप नाही म्हणजे काय? म्हणजे व्हॉल्व्ह मिटायची वेळ झाली तरी रॉकर त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दाबूनच धरतो. व्हॉल्व्ह सीटला टेकत नाही. केसाएवढी फट राहते आणि सगळा दाब तिथनं निसटतो.

असं का झालं तेही मला मामांनी नंतर समजावलं. हेड करताना सीट कापली की व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा आत बसतो, त्याचा शेंडा तेवढा वर येतो. गॅप नव्यानं, पाती घालून लावावा लागतो. शिवाय ताजी सीट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी बसते, गॅप आणखी कमी होतो, म्हणून पुन्हा एकदा तपासावा लागतो. त्यात दादाची गाडी गॅसवर. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह सीटवर कोरडाच आपटतो, सीट पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर झिजते. मेस्त्रीनं पाती वापरलीच नव्हती. आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळला होता. आवाज नाही म्हणजे काम चांगलं, हे त्याचं माप. गिऱ्हाइकाचंही तेच माप.

आणि एक सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगावरून लालभडक धूर जात असतो. त्याची उष्णता निघून जाते ती बहुतेक सीटला टेकल्यावर, सीटमधून हेडमध्ये. त्याला टेकू दिलं नाही तर तो जळतो. आमचा पहिला व्हॉल्व्ह बहुधा असाच जळला होता. मेस्त्रीनं तो बदलला आणि नव्याला पुन्हा टेकू दिलं नाही.

हवा तशीच चालू ठेवली. दादाला म्हटलं, तू सायलेन्सरजवळ थांब. लॉक नट सैल केला, स्क्रू अर्धा आटा मागं घेतला.

मागून दादा ओरडला, “थांबला! बारक्या, आवाज थांबला!”

अगदी बंद नव्हता झाला, बारीक होता. पण साप गेला होता. इनलेटचा स्क्रू मागं घेतला, ती फुसफूसही गेली. गाडी थंड होऊ दिली आणि सहाच्या सहा टॅपेट पाती घालून लावले. सहांपैकी चारांत गॅप नव्हताच. तिन्ही एक्झॉस्ट, आणि तीन नंबरचा इनलेट. झाकण बसवलं, गाडी चालवून गरम केली, प्लग काढले, गेज लावलं.

एक नंबर १६०. दोन नंबर १६५. तीन नंबर १३०.

वहिनीनं चहा केला. पंक्चरवाल्यानं हवेचे पैसे घेतले नाहीत.

तीन नंबर १३०. हे मी लपवणार नाही. तो अजून मागं होता. महिनाभर न मिटता चालल्यावर व्हॉल्व्हच्या कडेला काजळी बसते, कदाचित कड भाजलेलीही असेल. भाजलेली असेल तर आकडा आणखी पडत जाणार, मग हेड पुन्हा उतरवून तो व्हॉल्व्ह घासावा किंवा बदलावा लागणार. नुसती काजळी असेल तर मिटायला लागल्यावर हळूहळू बसेल. आम्ही ठरवलं, महिनाभर चालवायची आणि पुन्हा मोजायचं. आशेवर नाही, आकड्यावर.

दुसऱ्या दिवशी वहीचं पान फाडून आम्ही गॅरेजवर गेलो. दादा नको म्हणत होता. मी म्हटलं, भांडायला नाही, दाखवायला जायचं.

मेस्त्रीनं पान वाचलं. कोरडे आकडे, ओले आकडे, नंतरचे आकडे. बेल्ट बरोबर, गॅसकेट बरोबर, हेही लिहिलं होतं. त्यानं पान दोनदा वाचलं, हे मी बघितलं. मग म्हणाला, “हेडला हात कुणी लावला?”

दादा म्हणाला, “आम्ही.”

‘आम्ही’ म्हणाला. मला वाटलं होतं तो माझ्याकडे बोट करेल.

“मग आता ग्यारंटी न्हाई.”

“आदी कुठं हुती?” दादा म्हणाला.

मेस्त्री उठला, गाडीपाशी आला. दादानं गाडी चालू केली. पहिल्या चावीला उठली. त्यानं सीट उचलून कान दिला. इंजिनातून बारीक टिकटिक येत होती, एकसारखी.

“टॅपेट ढिलं केल्याती. आवाज यायलाय.”

“येऊ दे,” दादा म्हणाला.

मेस्त्री काही बोलला नाही. पैसे परत दिले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. चूक झाली असं म्हणाला नाही. पण निघताना त्याच्या पोऱ्यानं, पंधरा-सोळा वर्षांचं पोर, हळूच विचारलं, “ते गेज कुठं मिळतं?” मी त्याला उद्यमनगरातलं दुकान सांगितलं. मेस्त्रीनं ते ऐकलं. त्याला शिवी दिली नाही. एवढंच.

महिन्यानं पुन्हा मोजलं. १६०, १६५, १४५. तीन नंबर वर आला होता. व्हॉल्व्ह भाजलेला नव्हता. मिटायला मिळालं तसा तो बसत गेला. आता दादा दर काही महिन्यांनी टॅपेट तपासतो. गॅसच्या गाडीला ते लागतंच. मी शिकवलं नाही, तो शिकला. माझ्यापेक्षा त्याचा हात हलका आहे. वाड्यातली आणखी दोन पोरं त्याच्याकडे बघून शिकली.

मी ह्यावर कविता लिहायचा प्रयत्न केला. जमली नाही. कवितेत सगळं फार लवकर आपल्या बाजूनं होतं. इथं तसं नव्हतं. बेल्ट मेस्त्रीच्या बाजूनं होता, गॅसकेट त्याच्या बाजूनं होतं, पहिल्या खेपेचे खोटे आकडे तर पुरते त्याच्याच बाजूनं होते, आणि ते मी स्वतः काढले होते. त्या रात्री मी मामांना बोललो नसतो तर आम्ही कर्ज काढून चांगला ब्लॉक उतरवला असता, चांगल्या रिंगा फेकल्या असत्या, आणि वरचा दोष तसाच वर राहिला असता. मग पुन्हा म्हणाले असते, खालचं केलं तरी गाडी ओढत न्हाई, मुळातच खराब. आणि आम्ही मान हलवली असती. मला भीती त्या मान हलवण्याची वाटते. आमच्या घरात ती तीन पिढ्यांची सवय आहे.

म्हणून हे गद्यात लिहिलं, आकड्यांसकट. तुला कुणी सांगितलं की दोष तुझ्या खालच्या बाजूला आहे, तर आधी वही काढ. कोरडं मोज, ओलं मोज, हवा सोडून कान लाव. खरोखरच खालचं गेलेलं निघालं तर तेही लिही आणि खालचं काम कर. पण मोजल्याशिवाय मान्य करू नकोस.

गेज आमच्याकडं आहे. ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावं. नळीचं तोंड पुसून परत आणून द्यावं, एवढंच.